सहकुटुंब सहपरिवार डोंगरावर

मे महिना जवळ आला की आपल्याकडच्या जुन्या घरांतून दोन बोलणी सुरू होतात. एक आंब्यांच्या पेट्यांचे आणि दुसरे सुट्टीच्या बेताचे. पहिल्या विषयावर घरात सहसा एकमत होते. दुसऱ्यावर मात्र जितकी माणसे तितकी मते. त्यातच अलीकडे या बेतांत एक नवे खूळ शिरले आहे. मुलांना बर्फ हवा असतो, आणि तो नुसता पाहायला नको, तर पायांना लांबोडक्या फळ्या बांधून त्यावरून घसरायला हवा असतो. म्हणजे स्कीइंग. तेही काश्मिरात नव्हे, थेट आल्प्समध्ये.

ही हौस वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत आणि ज्याचा मुलगा किंवा जावई म्युनिक-झुरिककडे नोकरीस आहे, अशी कुटुंबे आज बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात पुष्कळ निघतील. त्यांनी जरूर जावे. पण बेत ‘सहकुटुंब’ म्हणून आखायचा असेल तर पहिला प्रश्न खर्चाचा नसतो, अंतराचाही नसतो. घरातल्या सर्वांना तिथे पोचता येईल का, हा असतो.

मी गाणे शिकवतो, म्हणून माझ्या धंद्यातला दाखला देतो. वर्गात समूहगान बसवताना आधी पट्टी ठरवावी लागते. वर्गातल्या सर्वांत चढ्या आवाजाच्या मुलाच्या सोयीने पट्टी धरली, तर तो मुलगा खुलून गातो खरा, पण बाकीची निम्मी मुले तार सप्तकात नुसती तोंडे हलवतात. म्हणून जाणता शिक्षक आधी पाहतो ते कोणाचा आवाज कुठवर पोचतो हे, आणि सर्वांना पेलेल अशी पट्टी धरतो. घराच्या सुट्टीचेही तसेच आहे. सर्वांत दणकट गडी कुठवर जाईल यावर बेत आखला, तर आजीबाई आपोआप घरी राहतात.

आल्प्समधली गावे नावारूपाला आली ती तरी कशामुळे? बर्फ तर तिथे हजारो वर्षे पडत होताच. दावोस हे गाव एकोणिसाव्या शतकात प्रथम प्रसिद्ध झाले ते क्षयरोग्यांमुळे. तिथली कोरडी, थंड हवा फुप्फुसाला मानवते असा वैद्यांचा विश्वास होता, आणि खेळणारे लोक त्यानंतर आले. सेंट मॉरिट्झची गोष्ट अशी सांगतात की, १८६४ साली योहानेस बाद्रुट नावाच्या खानावळवाल्याने आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली. हिवाळ्यात येऊन पाहा, ऊन पडले नाही तर खर्च माझा, असे तो म्हणाला. पाहुणे आले आणि वसंत ऋतूपर्यंत राहिले. पण पैजेने दहा-वीस माणसे येतात, हजारो येण्यासाठी वाट सोपी व्हावी लागते. ते काम आगगाडीने केले. १८८४ साली आर्लबर्गचा बोगदा खुला झाला आणि सेंट अँटनच्या दाराशी गाडी थांबू लागली. पुढे त्याच गावात हान्नेस श्नायडरने १९२१च्या सुमारास स्की शिकवण्याची शाळा काढली आणि जगाला ही विद्या पायरीपायरीने शिकवली. १८९१ साली त्सेरमाटला रूळ पोचले. १९१२ साली युंगफ्राउची दातेरी रुळांची गाडी डोंगराच्या पोटातून ३४५४ मीटरवर जाऊन थांबली. १९२४ साली शामोनीला हिवाळी ऑलिंपिकचे पहिले सामने झाले, तेव्हा तेथेही आगगाडी होतीच. शिखरे अवघड होती तशीच राहिली, पायथा ते गाव एवढी वाट मात्र म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना जमेल अशी झाली.

म्हणून ज्यांना आल्प्सला जायचेच आहे त्यांनी नावाजलेले शिखर पाहून गाव निवडू नये, शेवटचा टप्पा पाहून निवडावे. उदाहरणादाखल टिरोल प्रांतातले झेफेल्ड घ्या. ते सुमारे बाराशे मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. १९१२ सालापासून तिथे इन्सब्रुकची आगगाडी जाते, आणि म्युनिककडूनही त्याच रेल्वेमार्गाने येता येते. स्टेशन गावातच आहे. १९६४ आणि १९७६ सालच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सपाटीवरच्या स्कीइंगचे सामने इथे झाले होते. सपाटीवरचे स्कीइंग म्हणजे कडेलोट नव्हे, फळ्यांवरून लांब ढांगा टाकत चालल्यासारखा प्रकार. लहान मुलांना सौम्य उतारावर शिकवणारे मास्तर असतात. ज्यांना यातले काहीच करायचे नाही त्यांच्यासाठी बर्फ बाजूला सारून केलेल्या पायवाटा असतात. म्हणजे एकाच गावात नातू घसरतो, आजोबा फिरतात आणि आजी खिडकीपाशी बसून दोघांना पाहते. उंचीचाही विचार हवा. बाराशे मीटर साधारण प्रकृतीच्या वृद्धाला सोसतात. साडेतीन हजार मीटरवर मात्र धडधाकट माणसालाही धाप लागते. हृदयविकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज तिथल्या गाडीत पाऊल ठेवू नये.

बाकीची तयारी लेखी कामाची आहे. शेंगेनचा परवाना प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो, आणि त्यासाठी निदान ३०,००० युरोचा आजारपणाचा विमा लागतो. स्कीइंग करणाऱ्याने त्या विम्यात या खेळातली दुखापत धरली आहे की नाही हे वाचून घ्यावे. हात-पाय मोडण्याचा हा खेळ आहे, आणि जखमीला डोंगरावरून खाली आणण्याचाच खर्च मोठा असतो.

एवढे सारे जमले तरी एक गाठ सुटत नाही. ती पंचांगाची. आल्प्सचा बर्फ साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत टिकतो. आपल्या सीमाभागातल्या घरांची सुट्टी कधी असते? निपाणी-बेळगावच्या शाळा कर्नाटकच्या वेळापत्रकाने चालतात, म्हणून तिथली उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते आणि मे संपताना संपते. कोल्हापूर, गडहिंग्लज, सांगलीकडची मुले मे महिन्यात मोकळी होतात ती जूनच्या मध्यापर्यंत. तिकडे मोठी सुट्टी दसऱ्याला, इकडे दिवाळीला. मामाची मुले आणि आत्याची मुले एकत्र मोकळी सापडतात ती फक्त मे महिन्यात. त्या वेळी आल्प्समध्ये काही हिमनद्या सोडल्या तर घसरायला उतार उरलेला नसतो, गावांतून गवत वर आलेले असते. म्हणजे आपली सुट्टी आणि त्यांचा बर्फ यांची गाठ पडत नाही. नाताळच्या आठवड्यात गाठ घालावी तर तो तिथल्या गर्दीचा आणि चढ्या दरांचा काळ.

आमच्या घरात हा सारा हिशेब गेल्या वर्षी झाला. माझी सासुरवाडी बेळगावची, थोरली बहीण निपाणीला दिलेली, आम्ही कोल्हापुरात. तिन्ही घरांतली मुले बर्फाच्या बाजूने होती. भाऊजींनी कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोडही केली. ती चालली असताना ऐंशीच्या घरातली माझी आई म्हणाली, “तुम्ही सगळे जाऊन या. मी घर राखते.”

हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी आपापल्या घरी ऐकले असेल. ते रागाने म्हटलेले नसते, रुसव्यानेही नसते. म्हणूनच ते ऐकून पुढची आकडेमोड करवत नाही. माझे वडील संस्थानच्या अखेरच्या दिवसांत दरबारच्या चाकरीत गवई होते, आणि मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. ते सांगत की, उन्हाळ्यात स्वारी डोंगरावरच्या हवेला निघाली की गवई, सारंगिये, तबलजी सारे बरोबर जात आणि त्यांची बायका-माणसे गावात मागे राहत. दरबाराच्या काळी तो रिवाज होता, त्याला इलाज नव्हता. आज कोणाची चाकरी नाही, कोणाची आज्ञा नाही, आणि तरीही घरातली सर्वांत वडीलधारी बाईच मागे राहणार असेल, तर तो रिवाज आता आपण चालवतो आहोत असे म्हणावे लागेल. माझ्या भाच्याने ते वाक्य ऐकले आणि तोच म्हणाला, “आजी येईल तिथंच जाऊया की ओ मामा. बर्फ कुठं पळून जातोय?” मग शोध सुरू झाला तो आजीच्या गुडघ्यांना झेपेल अशा डोंगराचा. आणि तो घराजवळच निघाला. आंबोली.

आंबोली कोणाला ठाऊक नाही, असे वाचक म्हणतील. पण तिची एक खुबी मी म्हणतो त्या दृष्टीने फारशी कोणी बोलून दाखवत नाही. सह्याद्रीवरच्या बहुतेक थंड हवेच्या ठिकाणी जायचे म्हणजे घाट चढणे आले. वळणावळणांनी गाडी लागते, मुले ओकतात, म्हातारी माणसे डोळे मिटून राम राम म्हणत बसतात. बेळगावकरांना यातले काहीच करावे लागत नाही. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि आंबोली सातशेच्या आत-बाहेर. म्हणजे बेळगावचा माणूस आंबोलीला चढून जात नाही, झालेच तर किंचित उतरून जातो! तो पठारावरून चालत राहतो, आणि पठार संपते तिथे एकाएकी खाली कोकण दिसते. सावंतवाडीकडून येणाऱ्याला जो देखावा सारा घाट चढल्यावर मिळतो, तो बेळगावकराला मागच्या दाराने मिळतो. आल्प्समधल्या लोकांना ज्यासाठी दातेरी रूळ टाकावे लागले आणि बोगदे खणावे लागले, ते काम आपल्यासाठी दख्खनच्या पठाराने फुकटात करून ठेवले आहे.

ही वाटही जुनी आहे. वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणारा हा रस्ता. इंग्रजी अमदानीत माल आणि पलटणी त्यावरून जात-येत. सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांचे नाव एकोणिसाव्या शतकातल्या आंबोलीच्या वसवणुकीशी जोडले जाते. बेळगावहून हिंडलगा, सुळगा, बाची मागे टाकले की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. पुढे पाटणे फाटा, नागनवाडी, कानूर अशी चंदगड तालुक्यातली गावे घेत सत्तरेक किलोमीटरांत आंबोली येते. न्याहारी करून निघालेला माणूस जेवणाच्या वेळेपूर्वी पोचतो.

निपाणीकरांची वाट याहून सुंदर आहे, पण तिचे सौंदर्य माहीत असावे लागते. हमरस्त्याने संकेश्वरला यावे आणि तिथून गडहिंग्लज, आजरा करीत पश्चिमेला वळावे. (उत्तूरवरूनही आजऱ्याला रस्ता जातो.) संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा ही तिन्ही गावे एकाच नदीच्या काठची आहेत, आणि ती नदी म्हणजे हिरण्यकेशी. तिचा उगम आंबोलीला. पुढे ती घटप्रभेला मिळते, आणि घटप्रभा गोकाकचा धबधबा करून कृष्णेकडे जाते. म्हणजे निपाणीहून निघालेले कुटुंब नदीच्या उलट्या दिशेने, तिच्या मुळाकडे जात असते. संकेश्वरला जी नदी पुलाखालून वाहताना दिसते, तीच संध्याकाळी एका गुहेतून बाहेर पडताना दिसते. मुलांना भूगोल शिकवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. वाटेत आजऱ्याजवळ रामतीर्थाला तासभर थांबावे. नदी तिथे खडकांवरून उतरते, आणि पाय मोकळे करायला जागा बरी आहे.

आता पोचल्यावर काय पाहावे, आणि कोणी पाहावे? इथेही घरातल्या माणसांची वाटणी करूनच बेत आखावा. बेळगाव-आजऱ्याच्या अंगाने येताना आंबोलीच्या अलीकडे नांगरतासचा धबधबा आहे. खडकाच्या अरुंद घळीत पाणी कोसळते आणि ते रस्त्यालगतच दिसते. आजीला चार पावले पुरतात. गावाखाली घाटात असलेला मोठा धबधबाही रस्त्यावरच आहे. गाडीतून न उतरता तो दिसतो, पायऱ्या चढायच्या त्या तरुणांनी चढाव्या. कावळेसादला दरीच्या काठाशी कठडा आहे. तिथे पावसाळ्यात वाऱ्याचा जोर असा असतो की, कड्यावरून खाली पडणारे पाणी उलटे वर उडते. कठड्याबाहेर मात्र कोणीही जाऊ नये, छायाचित्रासाठी तर नाहीच. महादेवगडावरून संध्याकाळ पाहावी. हिरण्यकेशीच्या देवळाकडे थोडे चालावे लागते. तिथे काठी घेऊन, थांबत थांबत जावे.

त्या देवळाच्या कुंडाची एक हकीकत मुलांना अवश्य सांगावी. तिथे एक छोटा मासा राहतो. २०२० साली शास्त्रज्ञांनी तो नवी जात म्हणून जगापुढे आणला आणि नदीच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीच्या नावाने ओळखला जाणारा एक लहानगा भेकही आहे. त्याची वेगळी जात म्हणून नोंद २००९ साली झाली. ज्या मुलांना बर्फ मिळाला नाही म्हणून वाईट वाटत असेल, त्यांना सांगावे की बर्फ जगात पुष्कळ ठिकाणी आहे, हा मासा मात्र या कुंडापाशी भेटतो. तो फक्त पाहायचा, हात लावायचा नाही.

हंगामाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. आंबोलीला वर्षात सातशे सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टात शनिवारी-रविवारी तिथे जी झुंबड उडते, तीत म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेऊ नये. धुक्यात चार हातांपुढचे दिसत नाही, आणि घाटात कधीमधी दरड येते. दम्याच्या आणि छातीच्या विकाराच्या माणसांना ती ओल बाधते. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी झाले, तेव्हा १९४८ साली त्यांना कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला जाऊन राहावे लागले, हे आम्हां गाणाऱ्यांना चांगले स्मरते. डोंगराची हवा म्हणजे सरसकट औषध नव्हे. ती कोरडी की ओली, आणि कोणाच्या छातीला, हे पाहावे. वृद्धांना घेऊन जायचे तर दसऱ्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. आणि तिन्ही घरे एकत्र हवी असतील तर मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत जावे. त्या वेळी धबधबे आटलेले असतात, पण करवंदे-जांभळे असतात, आणि सकाळ-संध्याकाळ अंगावर पांघरूण लागते.

राहण्याची खोली तळमजल्यावरची मागावी, आणि पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप आहे का हे आधी विचारावे. या दोन गोष्टींवर वृद्धांची सुट्टी सुखाची होते किंवा मोडते. बरोबर दशम्या, चटणी आणि बेळगावचा कुंदा असावा. आजऱ्याला घनसाळ तांदूळ घ्यावा. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्याच्या भाताचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो. एसटीने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी गाड्या चालू आहेत ना, याची चौकशी करावी. सीमेवर तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबतात. २०२२च्या डिसेंबरात आणि २०२५च्या फेब्रुवारीत तसे झाले होते.

आम्ही जानेवारीत, जोडून आलेल्या दोन सुट्ट्यांना गेलो. दोन मोटारी, अकरा माणसे, तीन घरे. आई कावळेसादच्या कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. खाली कोकण पसरले होते. ती एवढेच म्हणाली की, इतकं खोल असेल असं वाटलं नव्हतं. त्यानंतरच्या दोन दिवसांत तिने एकदाही घरची, कुलपाची किंवा दुधाच्या रतिबाची चौकशी केली नाही. ज्यांच्या घरी आई आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

बर्फाचा बेत मोडलेला नाही, पुढे ढकलला आहे. मुले मोठी होतील, आपल्या पायांवर जातील, हवे तितके घसरतील. त्यांच्यापुढे हिवाळे पुष्कळ आहेत. ज्यांच्यापुढे ते थोडे आहेत त्यांची पट्टी आधी धरावी. तेव्हा यंदाच्या सुट्टीचा कागद पुढे ओढाल तेव्हा त्यावर स्थळाचे नाव लिहिण्यापूर्वी घरातल्या सर्वांची नावे लिहा, आणि सर्वांत वडील माणसाचे नाव अगदी वर लिहा. मग जे गाव निघेल ते निघो, झेफेल्ड की आंबोली. ते जवळचेच असेल.